टॉवेलच्या ऑर्डरी, दिवाणजींची वही आणि एआय: सोलापूरच्या दुकानातल्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

चाटी गल्लीत आमचं टॉवेल, नॅपकिन आणि चादरींचं ठोक दुकान आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत १२ माग आहेत, ते दादा बघतो. दुकानात बाबा, मी, पॅकिंगच्या दोन अक्का आणि दिवाणजी. दिवाणजींना आमच्याकडे ३१ वर्षं झाली.

एआय दुकानात आणायचं असं दिवाळीत घरात ठरलं. पण ते कशासाठी, हे कुणालाच नीट सांगता येईना. म्हणून मागचा आठवडा, ३ ते ८ नोव्हेंबर, मी काही न करता नुसतं मोजलं. आठवड्यात १३८ ऑर्डरी आल्या. त्यातल्या ७४ व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी मेसेज, ४१ लिहून आणि बाकीच्या २३ फोनवर किंवा समोर. आवाजी मेसेज दोन-दोनदा ऐकून वहीत उतरवायचे आणि वहीतून बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचे, यात दिवसाला पावणेतीन तास जातात. आठवड्यात चुका ८: पाच मापाच्या किंवा वजनाच्या, तीन रंगाच्या.

हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. जे आमच्यासारखं काही करणार असतील त्यांनी हा मोजायचा आठवडा वगळू नये. (नंतर लिहिते आहे: पुढे आम्ही तो विसरलो आणि वेळ आणि पैसे घालवले.)

१७ नोव्हेंबर

मोजलं एक आणि सुरुवात केली दुसरीकडून. सगळे करतात म्हणून आम्हीही आधी जाहिराती करायला घेतल्या. चॅटबॉटला चादरीचे फोटो दिले, मजकूर मागितला. मराठी चांगलं आलं, पण मजकुरात ‘हातमागावर विणलेली’ असं होतं. आमचा माल यंत्रमागाचा आहे. ‘जीआय प्रमाणित’ असंही होतं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे हे खरं, पण ते चिन्ह लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि आमची ती नाही. मी स्वतः पाच मजकूर वाचून पुढे पाठवले होते, त्यातल्या दोनांत हे तसंच राहिलं. बाबांच्या नजरेला पडलं म्हणून एका तासात काढलं.

चित्रांचं तर त्याहून वाईट झालं. चादरीमागची भिंत बदलून दे म्हटलं, तर त्यानं भिंतीबरोबर चादरीचा काठही बदलला. वेलबुट्टीच्या जागी कमळं आली, रंगही भडक झाला. देखणं दिसलं म्हणून स्टेटसला लावलं. दुसऱ्या दिवशी पंढरपूरच्या एका दुकानदारांनी नेमकी तीच कमळांची डिझाइन मागितली. तसली नक्षी विणायचं जॅकार्डचं कार्ड आमच्याकडे नाहीच. त्यांना खरं सांगितलं, ते समजून घेणारे निघाले.

आठ दिवस गेले. तेव्हापासून मालाचा फोटो मोबाईलनं काढलेलाच जातो, तोही दुकानाच्या दारात सकाळी नऊ-दहाच्या उजेडात.

२४ नोव्हेंबर

एका विक्रेत्याकडून ‘ग्राहकांशी आपोआप बोलणारी’ व्यवस्था घेतली. १२,००० रुपये आगाऊ दिले. त्याच्या प्रात्यक्षिकात सगळं सुरळीत चाललं होतं, कारण प्रश्नही त्यानेच विचारले होते.

खऱ्या ग्राहकांसमोर ती अडीच दिवस चालली. बार्शीच्या एका ग्राहकाला तिने परस्पर सांगितलं की माल आवडला नाही तर सात दिवसांत परत घेऊ, आणि पहिल्या ऑर्डरीवर दहा टक्के सूट आहे. गठ्ठा फोडला की माल परत नाही, हा आमचा बाबांच्या वडिलांपासूनचा नियम. सूट तर आम्ही कधी जाहीरच केलेली नाही. पण दुकानाच्या नंबरवरून शब्द गेला होता. बाबा म्हणाले, दिलेला शब्द पाळायचा. २३,००० च्या बिलावर २,३०० सोडले आणि ती व्यवस्था बंद केली. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. करारात परताव्याचं कलम नव्हतं आणि ते सही करण्याआधी मी बघायला हवं होतं.

यातून एक नियम झाला आणि तो आजपर्यंत मोडलेला नाही: यंत्र ग्राहकाशी बोलणार नाही. ते फक्त आमच्याशी बोलेल. ग्राहकाला जायचा प्रत्येक शब्द माणूस पाठवेल.

२ डिसेंबर

पहिल्या पानावरच्या आकड्यांकडे परत आलो. पावणेतीन तास खातात ते आवाजी मेसेज, तर तेच घ्यायचे.

दोन दिवस एका क्षुल्लक गोष्टीत गेले. व्हॉट्सअ‍ॅपवरून बाहेर काढलेली आवाजाची फाईल आमचं बोलणं लिहून देणारं एआय साधन घेतच नव्हतं. भाच्यानं सांगितलं की नावाच्या शेवटी ‘ओपस’ आहे, तिथे ‘ओजीजी’ करून बघ. केलं आणि चालली. हा अडथळा कुणाला आला तर दोन मिनिटांत सुटावा म्हणून लिहिते आहे. साधनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी त्यात बदल होतो आणि खाली लिहिलेल्या अडचणी कुठल्याही साधनात येतील.

पहिल्या दिवशी तीस मेसेज घातले. साधं बोलणं छान उतरलं. ऑर्डरीतलं बोलणं मात्र बिघडलं, आणि ऑर्डरीत तेच कामाचं असतं.

‘अडीच डझन’ चं ‘२ डझन’ झालं. ‘पावणेदोनशे’ एकदा २०० झालं, एकदा २७५. ‘सव्वाशे नग’ म्हणजे ‘१०० नग’. ‘तीस-साठ’ म्हणजे ३० इंच बाय ६० इंचाचा टॉवेल, हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. यंत्रानं ते ‘३० ते ६० नग’ असं लिहिलं. ‘साडेपाचचा’ म्हणजे ज्याचा डझन साडेपाच किलो भरतो तो टॉवेल. त्यानं तो भाव समजून ‘रु. ५.५०’ लिहिलं.

सगळ्यात जास्त वेळ ज्यावर डोकं लावलं ते हे: एका मेसेजमधून ‘हिरवे, १० डझन’ आलं. ग्राहक पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे. त्यांना हिरवा रंग कधी लागत नाही. मी चार वेळा ऐकलं, मलाही कळेना. दिवाणजींनी एकदाच ऐकलं. ‘मुप्पै-अरवै म्हणतायत ओ ताई, तीस-साठ.’ तेलुगूतला साठ, अरवै, यंत्रानं ‘हिरवे’ ऐकला होता. कलबुर्गीकडचे ग्राहक तेच कन्नडमध्ये ‘मूवत्तु-अरवत्तु’ म्हणतात. एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि हिंदी असते. सोलापुरात हे कुणाला वेगळं वाटत नाही, म्हणून ही अडचण येईल हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

आणखी एक. दादा मागाच्या शेडमधून मेसेज पाठवतो. एका मेसेजमध्ये तो बोललाच नव्हता, बोट चुकून दाबलं गेलं होतं, नऊ सेकंद नुसता मागांचा खडखडाट. यंत्रानं त्यातून ‘धन्यवाद, आमच्या चॅनेलला सबस्क्राईब करा’ असं वाक्य काढलं. त्या वेळी ते मी फक्त लिहून ठेवलं. त्याचा अर्थ पंधरा दिवसांनी कळला.

८ डिसेंबर

यंत्राला शब्दांची यादी द्यायची ठरली. मला वाटलं वीस-पंचवीस शब्द असतील.

दुपारी दोननंतर गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा दिवाणजी आणि मी गादीवर बसलो. त्यांनी त्यांची लाल बासनातली वही काढली. ही वही मी लहानपणापासून बघते, पण वाचली कधी नव्हती. त्यांच्या अक्षरात एक ओळ होती: ‘ती.सा. ५॥ – १२ – बदा.’ त्यांनी बोट ठेवून सांगितलं. ती.सा. म्हणजे तीस-साठ. पाच आणि दोन उभ्या रेघा म्हणजे साडेपाच. एक रेघ असली तर सव्वा, दोन असल्या तर साडे, तीन असल्या तर पाऊण. ‘४॥।’ म्हणजे पावणेपाच. शाळेत आम्हाला हे शिकवलंच नव्हतं. त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं, ते जुन्या सूतगिरणीत कारकून होते.

मी त्या पानाचा फोटो यंत्राला दिला. ‘५॥’ चं ‘५११’ आलं.

दिवाणजी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘त्याचं चुकलं नाही, त्याला कुणी सांगितलं नाही.’ आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

चार दुपारी बसलो. यादी ९६ शब्दांची झाली. मापं, वजनं, रेघांचे अपूर्णांक, मराठी-तेलुगू-कन्नड आकडे, रंग. रंगांतच २७ शब्द निघाले: बदामी, अबोली, डाळिंबी, मोरपंखी, गाजरी, आमसुली, चिंतामणी. यंत्रानं ‘अबोली’ला फुलाचं चित्र असलेला टॉवेल समजलं होतं. आम्ही प्रत्येक रंगापुढे आमच्या सुताच्या रंगछटेचा नंबर लिहिला, म्हणजे वाद नको.

‘सेकंड’, ‘कट’, ‘फ्रेश’, ‘सुट्टा’, ‘पेटीपॅक’ हेही शब्द घातले. ‘हलका’ या शब्दावर अर्धा तास गेला. काही ग्राहकांसाठी हलका म्हणजे कमी वजनाचा, काहींसाठी हलका म्हणजे फिका रंग. दोन्ही अर्थ यादीत लिहिले.

११ डिसेंबर

यादीनंतर फरक पडला. तीसपैकी सतरा मेसेज बरोबर येत होते ते पंचवीसवर गेले. आम्ही खुशीत. यंत्र ज्यात ऑर्डरी भरतं ते संगणकावरचं पत्रक (स्प्रेडशीट) स्वच्छ, प्रत्येक रकाना भरलेला. बाबांनीही कौतुक केलं.

हिशेबाचंही काम त्याच्यावर टाकून बघितलं. मोठे ग्राहक जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) विचारतात, आम्ही डझनाच्या वजनात बोलतो, त्यामुळे रूपांतर सारखं लागतं. तीस-साठ, साडेचार किलोचा डझन, याचा जीएसएम किती? एकदा ३२३ म्हणालं, तासाभरानं तोच प्रश्न विचारला तर २९०. बरोबर उत्तर ३२३. ज्याला दोनदा विचारलं तर दोन उत्तरं येतात त्याला हिशेब द्यायचा नाही. पत्रकातच सूत्र घातलं: डझनाचं वजन ग्रॅममध्ये, भागिले १२, भागिले (लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.०००६४५१६), मापं इंचात. तीस-साठला साडेपाच किलो म्हणजे ३९५ जीएसएम, सत्तावीस-चौपन्नला चार किलो म्हणजे ३५४. पत्रकाचं सूत्र दर वेळी तेच उत्तर देतं.

१५ डिसेंबर, सोमवार

आजची नोंद लिहायला जड जाते आहे.

लातूरचे एक ग्राहक आहेत, लॉजना माल पुरवतात. बाबांच्या लग्नाआधीपासूनचे. गेल्या मंगळवारी त्यांचा मेसेज आला: ‘नेहमीचाच माल, वीस डझन, सोमवारी सकाळी हवा.’ बस्स. दिवाणजी त्या दिवशी नातवाच्या जावळासाठी गावी गेले होते. यंत्रानं पत्रकात लिहिलं: तीस-साठ, ५.५ किलो, पांढरा, २० डझन. सगळे रकाने भरलेले. अक्कांनी त्याप्रमाणे गठ्ठा बांधला, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) झाली, माल गेला.

त्यांचा नेहमीचा माल सत्तावीस-चौपन्न, चार किलोचा, निम्मा बदामी.

यंत्रानं कुठून काढलं ते? त्याच दिवशी आधी घातलेल्या चार ऑर्डरी तीस-साठ पांढऱ्याच्या होत्या. मोकळा रकाना दिसला, त्यांच्यावरून भरून टाकला. मागाच्या खडखडाटातून ‘धन्यवाद’ काढलं होतं तेच हे. त्याला जिथे काही ऐकू येत नाही तिथे ते गप्प बसत नाही, ठोकून देतं. आणि ठोकलेलं उत्तर खऱ्या उत्तरासारखंच दिसतं, त्याच अक्षरात, त्याच रकान्यात. पूर्वी वहीत दिवाणजींना शंका आली की ते पेन्सिलीनं लिहीत आणि पुढे प्रश्नचिन्ह करत. आमच्या स्वच्छ पत्रकात पेन्सिलीला जागाच नव्हती.

सकाळी फोन आला. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘ताई, तीस वर्षं माल घेतोय. आमचा नेहमीचा काय ते विसरलात होय?’ रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारीच दादा बरोबर माल गाडीत घालून स्वतः लातूरला निघाला. खर्च: जाण्या-येण्याचं डिझेल २,४०० रुपये, परत आलेल्या मालाचं भाडं आणि हमाली १,१४०. त्यांचा लॉजवाल्यांना दिलेला सोमवार सकाळचा वायदा हुकला तो वेगळा, त्याचे पैसे मोजता येत नाहीत.

१८ डिसेंबर

तीन दिवस पत्रक बंद ठेवलं, परत वही. या तीन दिवसांत एकच काम केलं, यंत्राला द्यायची सूचना नव्यानं लिहिली. आमची सूचना आधी होती ‘या मेसेजमधून ऑर्डर पूर्ण भर’. ‘पूर्ण’ हा शब्द मीच घातला होता. आता जशी आहे तशी इथे देते, ज्याला हवी त्यानं घ्यावी:

‘तू ऑर्डर उतरवून घेणारा कारकून आहेस. मेसेजमध्ये जे बोललं गेलं तेवढंच लिही. रकाने: माल, माप, डझनाचं वजन, किती, रंग, कधी हवं, आणि शेवटी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं. जी गोष्ट बोललेली नाही तिथे “विचारा” असं लिही. दुसऱ्या ऑर्डरीवरून अंदाज करू नको. एका शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही लिहून पुढे “विचारा” लिही. बेरीज, गुणाकार, भाव यांतलं काही करू नको. नुसता आवाज असेल, बोलणं नसेल, तर “बोलणं नाही” एवढंच लिही. सोबतच्या यादीतले शब्द यादीतल्या अर्थानेच घे.’

शिवाय प्रत्येक मेसेज नव्या, कोऱ्या संभाषणात घालायचा, म्हणजे आधीच्या ऑर्डरी त्याच्यासमोर नसतात. यात मेसेजमागे वीस-पंचवीस सेकंद जास्त जातात. ते गेलेले परवडले.

‘विचारा’ आलं की तो चौकोन आपोआप पिवळा होतो, हे पत्रकात करून घेतलं. पिवळा चौकोन शिल्लक असेल तर अक्का गठ्ठा बांधत नाहीत. माझ्या सांगण्यावरूनही नाही. मी एकदा घाईत म्हटलं, ‘असू दे, मला माहीत आहे.’ मोठ्या अक्का म्हणाल्या, ‘फोन लावा आधी.’ लावला.

२२ डिसेंबर

किती सुधारलं हे वाटण्यावर सोडायचं नाही म्हणून परीक्षा घेतली. जुने १०० आवाजी मेसेज घेतले, ज्यांची खरी ऑर्डर काय होती हे बिलावरून पक्कं माहीत आहे. जुन्या सूचनेनं ६१ बरोबर, ३९ चूक, रिकामा एकही नाही. नव्या सूचनेनं आणि यादीनं ७४ बरोबर, २१ मध्ये ‘विचारा’, ५ चूक.

बाबा म्हणाले, ‘म्हणजे आधीच्या चुकांतल्या बऱ्याच जणांनी आता हात वर केला.’ तेच. २१ फोन करणं म्हणजे पाऊण तास. ३९ चुका म्हणजे काय ते लातूरला कळलं होतं.

राहिलेल्या पाच चुकांतल्या दोन मागाच्या आवाजातल्या होत्या. दादाला सांगितलं, शेडच्या बाहेर येऊन बोल. तो येतो.

२९ डिसेंबर

अक्कांच्या घरी पाणी यायचा दिवस, त्यामुळे दुकान अकराला सुरू. त्या वेळात एक वेगळी चूक सापडली म्हणून लिहून ठेवते. भाचा चॅटबॉटला जीएसटी विचारत बसला होता. त्याला उत्तर मिळालं की १,००० रुपयांवरच्या चादरीला १२ टक्के. हा जुना दर झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आहे, त्याहून महाग असेल तर १८. आमची १,३५० ची डबल चादर ५ टक्क्यांतच बसते. त्यानं सांगितलं म्हणून बिल केलं असतं तर ग्राहकाकडून सात टक्के जास्त घेतले असते. यंत्र जेव्हा शिकलं तेव्हाचं ते सांगतं. कर, नियम, तारखा हे करसल्लागारांनाच विचारायचं, असं भिंतीवर लिहून लावलं.

५ जानेवारी २०२६

एका ग्राहकांनी विचारलं, ‘आमचा आवाज कुठे पाठवता तुम्ही?’ प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं.

बसून बघितलं. आमच्या दिलेल्या मजकुरावरून यंत्रानं शिकू नये अशी सोय सेटिंगमध्ये होती, ती पहिल्या दिवसापासून चालूच केली नव्हती. आता केली. फाईलच्या नावात ग्राहकाचं नाव आणि फोन नंबर जात होता, तो बंद. आता नावाऐवजी आमच्या खतावणीचा पान क्रमांक जातो: ‘पान ११८’. तो कुणाचा हे फक्त दुकानातल्या वहीला माहीत. उधारी, थकबाकी, चेकचे फोटो यातलं काही तिथे घालायचं नाही. सगळ्या नेहमीच्या ग्राहकांना मी स्वतः मेसेज लिहून कळवलं की आवाजी ऑर्डर उतरवायला आम्ही यंत्राची मदत घेतो, नको असेल तर सांगा. तिघांनी नको सांगितलं. त्यांचे मेसेज दिवाणजी कानानंच ऐकतात.

१२ ते १६ जानेवारी

सिद्धरामेश्वरांची यात्रा. नंदीध्वज, १३ ला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम. माग बंद. काम काही नाही. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, गर्दीत दोन ग्राहक भेटले, दोघांनीही विचारलं की हल्ली ऑर्डर कळवली की उलट इतके प्रश्न का विचारता. मी सांगितलं. एक म्हणाले, मग मीच नीट बोलत जातो. खरंच आता ते ‘सत्तावीस-चौपन्न, चार किलो, सहा बदामी’ असं एका दमात सांगतात.

२१ जानेवारी

‘नेहमीचा’ या शब्दाचं काम शिल्लक होतं. बऱ्याच मेसेजमध्ये तो शब्द असतो. दिवाणजी आणि मी परत बसलो, या वेळी संध्याकाळी दुकान वाढवल्यावर. ५२ ग्राहक, प्रत्येकाचा नेहमीचा माल काय. दिवाणजी वही न उघडता सांगत होते आणि मी लिहीत होते. मधेच थांबून म्हणायचे, ‘यांचा नेहमीचा उन्हाळ्यात निराळा.’ किंवा, ‘यांनी मुलाला दुकानात बसवल्यापासून बदललंय.’ म्हणून एक रकाना वाढवला: ‘कधी बदलतो’.

दिवाणजींचे डोळे वर्षभरापासून बारीक अक्षराला साथ देत नाहीत. हे काम मी पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, एआय असो वा नसो.

ही यादी यंत्राला दिलेली नाही. यंत्र ‘नेहमीचा’ असं जसंच्या तसं लिहितं आणि ‘विचारा’ लावतं. पत्रक पान क्रमांकावरून शेजारी यादीतला माल दाखवतं. मग माणूस फोन करतो आणि विचारण्याऐवजी वाचून दाखवतो. त्यात ग्राहकालाही बरं वाटतं.

२ फेब्रुवारी

शब्दांची यादी आता १३१ वर गेली. तेच १०० मेसेज परत घातले: ८३ बरोबर, १४ ‘विचारा’, ३ चूक. तिन्ही चुका कन्नड मिसळलेल्या मेसेजमध्ये आहेत, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. असे मेसेज सध्या धाकट्या अक्का ऐकतात, त्यांचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं.

वेळ: पावणेतीन तासांचं काम फोन धरून सव्वा तासात होतं. मागच्या आठवड्यातल्या चुका दोन, दोन्ही लिहून आलेल्या ऑर्डरीतल्या.

पैसे आजवर: विक्रेत्याला गेलेले १२,०००. पाळलेली सूट २,३००. लातूर ३,५४०. साधनाची वर्गणी महिना दोन हजारांच्या आत, दोन महिने. आधीचं सगळं फुकटच्या खात्यावर केलं आणि तेवढ्यावर भागलंही असतं, फक्त दिवसाची मर्यादा दुपारीच संपायची. जे पैसे वाया गेले ते सगळे यंत्राला ग्राहकासमोर किंवा गठ्ठ्यापर्यंत थेट जाऊ दिल्यामुळे गेले.

९ फेब्रुवारी, सोमवार

लातूरची ऑर्डर आली. डिसेंबरनंतर पहिली. अकरा सेकंदांचा मेसेज: ‘नेहमीचा, वीस डझन, गुरुवारपर्यंत.’

पत्रकात माप, वजन, रंग तिन्ही चौकोन पिवळे. शेजारी यादीतून आलेली ओळ. फोन अक्का लावणार होत्या, मी म्हटलं मी लावते.

‘काका, सत्तावीस-चौपन्न, चार किलोचा, दहा डझन बदामी, दहा पांढरा. बरोबर?’

पलीकडे थोडा वेळ शांत. मग म्हणाले, ‘बरोबर. पण पांढरा आठच कर आणि दोन डझन डाळिंबी टाक. एका लॉजवाल्यानं मागितलाय.’

यादीतल्या त्यांच्या ओळीपुढे दिवाणजींनी पेन्सिलीनं ‘डाळिंबी २, फेब्रु.’ असं लिहिलं. गठ्ठा बांधून झाला आहे, बिल्टी उद्या सकाळी.